बिघडलेली जमीन आणि बिल्डरशी सोयरीक

‘जालना, सोन्याचा पाळणा’ अशी जुनी म्हण आहे. बियाण्यांनी आणि लोखंडी सळयांनी तो पाळणा आजही हलतो आहे. २०२२ साली समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि बिल्डर मंडळी गावोगाव फिरू लागली. मागतात मात्र कसदार काळी जमीन! बंद कारखान्याचा, राख, भंगार, तेलकट माती साचलेला तुकडा गावाशेजारी असला, तर तिकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आमचे म्हणणे असे, की त्यांना तिकडेच वळवावे. पण सोयरीक जमवताना गावानेही बैठकीला बसावे.

सोयरीक म्हटली की घर बघणे आलेच. नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळते. शिसे, क्रोमियम, कॅडमियम यांची तपासणी वेगळी सांगावी लागते. शेण कुजते, पाला कुजतो. शिसे कुजत नाही. अशा मातीत खेळलेले पोर हात न धुता भाकरी खाते, तेव्हा ते पोटात जाते आणि वाढत्या मेंदूला अपाय करते. म्हणून मातीबरोबर जवळच्या विहिरी आणि बोअरचे पाणीही तपासून घ्यावे.

उद्योगवाले आणि शेतकरी एकत्र येत नाहीत, असे कोणी म्हणेल. त्याने घाणेवाडीचा तलाव पाहावा. जालना शहराला पाणी देणाऱ्या या तलावातला गाळ नागरिकांनी आणि उद्योजकांनी पुढाकार घेऊन काढला. शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेला. तलाव खोल झाला, रानही सुधारले. (तो गाळ तलावाचा होता, हे विसरू नका. कारखान्याच्या नाल्यातला गाळ कितीही काळाभोर दिसला, तरी शेतात टाकायचा नाही.) मुंबईत तर धारावीलगत कचऱ्याच्या डेपोवर माती पसरून झाडे लावली, आणि १९९४ साली तिथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले.

आता कायद्याचाही आधार आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांविषयी स्वतंत्र नियम काढले. ज्याने घाण केली, त्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यायचा, हे त्यांतले मुख्य सूत्र. संशयित जागेची माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेली, की ९० दिवसांत प्राथमिक तपासणी व्हायची आहे. ग्रामसभेने ठराव करून ही माहिती कळवावी. नुसत्या तोंडी तक्रारीने काही हलत नाही, हा अनुभव सर्वांनाच आहे.

बिल्डरचाही यात फायदा आहे. जागा रस्त्याजवळ, आखलेली आणि भावाला हलकी. गाव सोबत असले, तर कामात खोळंबा नाही. तेव्हा गावानेही उगाच अडवणूक करू नये. मात्र काम सुरू होण्याआधी करार लेखी हवा. वरची माती किती खोल काढणार, नवी कुठून आणणार, काम गावच्या तरुणांना किती, हे त्यात यावे. बायकांना बैठकीला मुद्दाम बोलवा. कोणत्या हापशाचे पाणी कधीपासून बदलले, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. आणि काढलेली माती कोणत्या गाडीने, कुठल्या परवानगीच्या जागी जाणार, तेही लिहून घ्या. नाही तर रात्रीतून ती शेजारच्या गावच्या ओढ्यात पडायची!