लष्करी अंत्यसंस्कारात वाजणाऱ्या बिगुलाला कायद्याचं संरक्षण आहे का?

ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात मेजर कौस्तुभ राणे शहीद झाले. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडला त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला गेला. अशा निरोपाचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तिरंग्यातलं पार्थिव, हवेत झाडलेल्या फैरी आणि बिगुलाची संथ धून. यातल्या तिरंग्यासाठी कायदा आहे. मग धुनेचं काय?

ही धून कोणती?

तिचं नाव ‘लास्ट पोस्ट’. ब्रिटिश सैन्यात रात्रीच्या पहाऱ्याची शेवटची चौकी तपासून झाली की हा बिगुल वाजायचा. दिवस संपल्याची ही खूण पुढे सैनिकाच्या अखेरच्या निरोपाची झाली. ब्रिटिश गेले, पण भारतीय सैन्याने ती जपली.

कायदा काय सांगतो?

राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ चा. त्यात राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि राष्ट्रगीत येतं. ध्वजाचा अवमान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पार्थिवावर ध्वज पांघरण्याची मुभा फक्त शासकीय, सैन्यदल आणि निमलष्करी दलांच्या अंत्यसंस्कारात आहे. २००२ च्या ध्वज संहितेनुसार केशरी पट्टा डोक्याकडे हवा आणि ध्वज चितेवर जाळायचा नाही. ‘लास्ट पोस्ट’चा मात्र या कायद्यात उल्लेख नाही. ती सैन्याच्या परंपरेनं चालते.

अमेरिकेत काय आहे?

तिथली धून ‘टॅप्स’, १८६२ च्या यादवी युद्धातली. जानेवारी २०१३ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातूनच तिला ‘लष्करी स्मरणाचं राष्ट्रीय गीत’ हा दर्जा मिळाला. माजी सैनिकाच्या कुटुंबाने मागणी केली, तर ध्वजाची घडी घालणं आणि ‘टॅप्स’ वाजवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. बिगुलवादक नसेल तर ध्वनिमुद्रण चालतं.

फरक काय पडतो?

परंपरा बदलायला कायदा बदलावा लागत नाही. दिल्लीतल्या ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये गांधीजींची आवडती ‘अबाइड विथ मी’ ही धून अनेक वर्षं वाजायची. २०२२ मध्ये ती वगळली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आली. त्यासाठी संसदेत जावं लागलं नाही. ‘लास्ट पोस्ट’लाही कायद्याचा वेगळा आधार नाही.

म्हणून गावात जवानाला निरोप देताना बिगुल सुरू झाला, की घोषणा थांबवा, मोबाइल खाली घ्या आणि स्तब्ध उभे राहा. घरच्यांना ती धून ऐकू येऊ द्या.