उन्हाचे माप

धान्य पायलीने मोजावे, दूध मापाने घ्यावे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. परंतु ऊन कशाने मोजावयाचे? सौर दिवा किंवा पंप बसवावयाचा झाला, की हा प्रश्न थेट खिशाला येऊन भिडतो.

येथे डोळ्यांची साक्ष उपयोगी नाही. उजेड वाढला की बाहुली आपोआप लहान होते. एकोणिसाव्या शतकात कॅम्पबेल व स्टोक्स यांनी काचेच्या गोळ्याने उन्हाचा झोत कागदी पट्टीवर पाडण्याची युक्ती काढली. जळलेल्या रेघेवरून ऊन किती तास पडले ते कळते. त्याचा जोर मात्र कळत नाही.

जोर मोजतो पायरॅनोमीटर. काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग असतो. तो उन्हाने तापतो, खालील धातूंच्या जोडांत किंचित वीज उत्पन्न होते, आणि तिच्यावरून ऊर्जा ठरते. सूर्याचे थेट किरण व आकाशातून विखुरलेला उजेड, दोन्ही त्यात येतात. पुण्याच्या वेधशाळेने १९५७ साली अशा मोजणीचे जाळे उभारण्यास आरंभ केला. अ‍ॅना मणी यांनी त्यात पुढाकार घेतला. त्यांचा भारताच्या सौर प्रारणाचा आकडेग्रंथ १९८० साली निघाला.

निरभ्र दुपारी चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. दिवसभराची बेरीज ५ युनिट भरली, तर भर दुपारचे ऊन ५ तास टिकले असे समजावे. तेव्हा १ किलोवॅटचे पॅनेल ५ युनिट देईल काय? नाही. उष्णता, धूळ व तारा आपापला वाटा घेतात. ४ युनिटांच्या आसपास हिशेब धरलेला बरा.

आणखी एक सावधगिरी हवी. वर्षाची सरासरी फसवी असते. आषाढात शेताला पंप फारसा लागत नाही. पण दिवा लागतोच, आणि ऊन तर सर्वांत थोडे! म्हणून दिव्याचे पॅनेल व बॅटरी सरासरीवर न घेता सर्वांत वाईट महिन्यावर बेतावी. शिवाय शेजारच्या आंब्याची सावली कोणत्याही वेधशाळेच्या आकड्यात नसते. ती आपली आपणच, सकाळ-संध्याकाळ गच्चीवर उभे राहून पाहावयाची असते.