पार्टी तोट्यात, शहर नफ्यात!

मँचेस्टरच्या 'हासिएंडा' नाइट क्लबचा टोनी विल्सन 10 ऑगस्ट 2007 रोजी गेला. पंधरा वर्षं क्लब चालवला, जगभर नाव झालं, पण गल्ल्यात खडखडाट! तरीही त्याच्या शहराने त्याला डोक्यावर घेतलं. असं काय केलं होतं या माणसाने?

नाइट क्लबचा मालक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात सोन्याची चेन, हातात सिगार, पार्किंगमध्ये लांबलचक गाडी आणि आजूबाजूला चमकोंचा घोळका. बरोबर? आता हे चित्र पुसून टाका. त्या जागी केम्ब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेला, रोज संध्याकाळी टीव्हीवर स्थानिक बातम्या देणारा, सुटाबुटातला एक बडबड्या माणूस आणा. बोलता बोलता मध्येच फ्रेंच विचारवंतांचे दाखले देणारा. हा टोनी विल्सन!

टोनीचा जन्म 1950 चा, मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्डमधला. ग्रॅनडा टीव्हीवर तो पत्रकार होता. आज पुलाचं उद्घाटन, उद्या हँग-ग्लायडिंग करत रिपोर्टिंग, असला सगळा मामला. सोबत 'सो इट गोज' नावाचा म्युझिक शो. बाकीचे चॅनल ज्यांना दारात उभं करत नव्हते, अशा पंक बॅण्ड्सना टोनीने पडद्यावर आणलं. जून 1976 मध्ये सेक्स पिस्टल्सची एक कॉन्सर्ट मँचेस्टरमध्ये झाली. प्रेक्षक जेमतेम चाळीस-पन्नास. पण त्या मूठभर पोरांमधूनच पुढे शहरातले बडे बॅण्ड उभे राहिले, असं आजही सांगितलं जातं. ते पाहून टोनीच्या डोक्यात किडा वळवळला. लंडनला जायचंच कशाला? इथेच काहीतरी करू की!

करारबिरार काही नाही!

1978 मध्ये टोनी आणि त्याचा अभिनेता मित्र ॲलन इरॅस्मस यांनी 'फॅक्टरी'ची सुरुवात केली. आधी क्लब नाइट्स, मग रेकॉर्ड लेबल. डिझायनर पीटर सॅव्हिल, निर्माता मार्टिन हॅनेट आणि बॅण्ड मॅनेजर रॉब ग्रेटन हे यातले इतर खांब. त्यांचा बिझनेस फंडा ऐकून कुठल्याही एमबीएवाल्याला घाम फुटेल. नफा निम्मा-निम्मा. गाण्यांवर मालकी कलाकाराची. बॅण्डला उद्या सोडून जायचं असेल, तर खुशाल जावं!

आपल्यापैकी कितीजणांना नोटीस पीरियड आणि बॉण्डच्या नावाने घाम फुटतो, ते आठवा. आणि इथे कंपनीच म्हणतेय, की तुम्ही आमचे बांधील नाही!

फॅक्टरीचा पहिला मोठा बॅण्ड म्हणजे जॉय डिव्हिजन. त्यांचा गायक इयन कर्टिस याने मे 1980 मध्ये, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी आत्महत्या केली. उरलेल्या मित्रांनी न्यू ऑर्डर या नावाने पुन्हा सुरुवात केली. 1983 मध्ये त्यांचं 'ब्लू मंडे' आलं आणि बारा इंची सिंगल्समध्ये विक्रीचा इतिहास घडला. गंमत म्हणजे फ्लॉपी डिस्कसारखं दिसणारं त्याचं कव्हर छापायला इतकं महाग होतं, की सुरुवातीला रेकॉर्ड विकली की तोटा वाढायचा, असा किस्सा टोनीच रंगवून सांगायचा. हसत हसत! इथेच पुढच्या सगळ्या गोष्टीची चाहूल लागते.

गिरण्यांच्या शहरातला डान्स फ्लोअर

मँचेस्टर हे नाव आपल्याला परकं नाही. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, ते उगाच नाही. एकेकाळी मुंबईच्या बंदरातून निघालेल्या कापसाचं कापड तिथल्या लँकेशायरच्या गिरण्यांत विणलं जायचं. विसाव्या शतकात त्या गिरण्या बंद पडत गेल्या. मागे उरली रिकामी गोदामं, काळवंडलेल्या विटांच्या भिंती आणि बेकार तरुण. योगायोग बघा, जानेवारी 1982 मध्ये आपल्या गिरणगावातला तो मोठा संप सुरू झाला. आणि त्याच वर्षी, 21 मे 1982 ला, मँचेस्टरच्या व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर, नौकांची शोरूम असलेल्या एका जुन्या इमारतीत 'हासिएंडा'चं दार उघडलं.

पैसा फॅक्टरीचा आणि न्यू ऑर्डरचा. मूळ आयडिया ग्रेटनची. आपल्या मित्रमंडळींना धड बसायला जागा नाही, मग आपणच काढू, इतकं साधं लॉजिक! डिझाइन बेन केलीचं. झुंबरं नाहीत, मखमल नाही. खांबांवर कारखान्यात असतात तसे काळे-पिवळे धोक्याचे पट्टे. बंद कारखान्यांच्या शहराने कारखान्याचाच डान्स फ्लोअर केला.

फॅक्टरीत प्रत्येक गोष्टीला नंबर मिळायचा. रेकॉर्डला, पोस्टरला, अगदी ग्रेटनच्या दातांच्या बिलालाही! क्लबचा नंबर होता 51. या क्लबवर पैसा घालवण्यापेक्षा स्टुडिओसाठी उपकरणं घ्या म्हणून हॅनेट भांडला आणि त्याने चक्क कोर्टात केस टाकली. तर या पठ्ठ्यांनी त्या केसलाही नंबर देऊन टाकला. 61!

पहिली काही वर्षं मात्र बेकार गेली. आवाज घुमायचा, थंडी वाजायची आणि आठवड्यातल्या बऱ्याच रात्री भलामोठा हॉल अर्धाही भरायचा नाही. उद्घाटनाला बोलावलेल्या विनोदवीर बर्नार्ड मॅनिंगने म्हणे मानधन परत केलं आणि तुम्ही याआधी कधी क्लब चालवलेला दिसत नाही, असं हसून सुनावलं. जानेवारी 1984 मध्ये 'द ट्यूब' या टीव्ही शोसाठी मडोना नावाची एक नवखी मुलगी इथे नाचून-गाऊन गेली. पुढे ती कोण झाली, ते सांगायला नको.

मग 1986 च्या सुमारास माहोल बदलला. डीजे माइक पिकरिंगने अमेरिकेतल्या शिकागो-डेट्रॉइटचं हाउस म्युझिक वाजवायला घेतलं. शुक्रवारची 'न्यूड' नाइट (नावावर जाऊ नका, फक्त नावच तसं होतं!) हिट झाली. 1988 च्या उन्हाळ्यात तर बाहेर रांगाच रांगा. व्हीआयपीसाठी वेगळा दोर नाही, ड्रेस कोडची कटकट नाही. स्टेजवरच्या स्टारकडे बघत बसायचं नाही, आपणच नाचायचं. सुपरस्टार डीजेची जी संस्कृती आज गोव्यापासून इबिझापर्यंत दिसते, तिच्या सुरुवातीच्या शाळांपैकी ही एक!

नशा चढली, गल्ला रिकामा

आता मालकाची चांदी झाली असेल ना? तिथेच तर गोची आहे. या नव्या गर्दीबरोबर एक्स्टसीच्या गोळ्या आल्या. गोळी घेतलेली पोरं रात्रभर नाचायची आणि प्यायची पाणी! बार ओस. क्लबची कमाई असते बारवर. म्हणजे फ्लोअर फुल आणि गल्ला रिकामा. कमाई गोळ्या विकणाऱ्यांची.

हिशेब फक्त पैशांचा असता तर हसून सोडून दिलं असतं. पण 1989 मध्ये क्लबमध्ये गोळी घेतलेली 16 वर्षांची एक मुलगी दगावली. ब्रिटनमधल्या एक्स्टसीच्या पहिल्यावहिल्या बळींमध्ये तिची नोंद झाली. पाठोपाठ गोळ्यांच्या धंद्यावर कब्जा करायला टोळ्या आल्या. दारावरच्या माणसांवर पिस्तुलं रोखली जाऊ लागली. पोलिसांनी लायसन्स रद्द करण्याचा बडगा उगारला. जानेवारी 1991 मध्ये टोनीने स्वत:हून क्लब बंद ठेवला आणि मे महिन्यात मेटल डिटेक्टर लावून पुन्हा उघडला. पण तो जुना मोकळेपणा काही परत आला नाही.

या भागावर पडदा टाकून टोनीची आरती ओवाळणं सोपं आहे. पण ते खरं नाही. दार सगळ्यांना उघडं ठेवायचं, ही कल्पना मस्तच. पण उघड्या दारातून कोण आत शिरतंय, हे बघायची जबाबदारीही दार उघडणाऱ्याचीच. ती या मंडळींना पेलली नाही. आणि औदार्य टोनीचं असलं, तरी खिसा बऱ्याचदा दुसऱ्याचा होता. जगभर फिरून न्यू ऑर्डरने कमावलेला पैसा या एका इमारतीत वर्षानुवर्षं जिरत राहिला. बॅण्डचा बेसिस्ट पीटर हुक याने 2009 मध्ये यावर पुस्तक लिहिलं. क्लब कसा चालवू नये, हे त्याच्या नावातच आहे. बोला आता!

नोव्हेंबर 1992 मध्ये फॅक्टरी बुडाली. लंडनच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने ती विकत घ्यायची तयारी दाखवली होती. पण कागदपत्रं तपासताना कळलं, की न्यू ऑर्डरच्या गाण्यांवर फॅक्टरीची मालकीच नाही! कलाकाराला दिलेला शब्द टोनीला महागात पडला. पण कलाकाराकडे गाणी राहिली. जून 1997 मध्ये हासिएंडाही कायमचा बंद झाला.

औषधालाही पैसा नाही

आपण एखाद्याकडे काहीच नसलं, की औषधालाही पैसा नाही म्हणतो. टोनीच्या बाबतीत ते शब्दश: खरं ठरलं. त्याला किडनीचा कॅन्सर झाला आणि 2007 च्या सुरुवातीला एक किडनी काढावी लागली. केमोथेरपीचा उपयोग होईना. डॉक्टरांनी सुटेण्ट हे औषध सुचवलं. खर्च महिन्याला सुमारे 3,500 पौण्ड. सरकारी आरोग्यसेवेने तो द्यायला नकार दिला. टोनी समाजवादी विचारांचा, त्यामुळे खासगी विमा त्याने कधी काढलाच नव्हता. कॉस्मेटिक सर्जरी सरकारी खर्चाने होऊ शकते, मग जगवणारं औषध का नाही, असा जाहीर सवाल त्याने केला.

आणि मग ते झालं, जे कुठल्याच बॅलन्स शीटमध्ये बसत नाही. हॅपी मंडेज या त्याच्या लाडक्या बॅण्डचे मॅनेजर आणि म्युझिकमधले जुने दोस्त एकत्र आले. त्यांनी निधी उभा केला आणि औषधाचा खर्च उचलला. ज्यांना त्याने कधी कराराने बांधलं नव्हतं, तीच माणसं बांधिलकी मानून धावून आली.

10 ऑगस्ट 2007 रोजी मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये, वयाच्या 57 व्या वर्षी, हार्ट ॲटॅकने तो गेला. टाउन हॉलवरचा झेंडा अर्ध्यावर उतरवला गेला. आणि त्याच्या शवपेटीला दोस्तांनी फॅक्टरीचा नंबर दिला. 501. शेवटचा. पुढे 2009 मध्ये ब्रिटिश आरोग्यसेवेने किडनीच्या कॅन्सरसाठी ते औषध मंजूर केलं. टोनीच्या कामी ते आलं नाही, इतरांच्या मात्र आलं.

नफा कुणाचा?

हासिएंडाची इमारत 2002 मध्ये पाडली गेली. तिथे त्याच नावाचे फ्लॅट उभे राहिले. बिल्डरने क्लबचं नाव विकून घरं विकली! आपल्या परळ-लोअर परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आणि पब बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण मँचेस्टरला टोनीचा विसर पडलेला नाही. शहराच्या मध्यभागी टोनी विल्सन प्लेस नावाचा चौक आहे. 2016 पासून हासिएंडाची गाणी चक्क ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजली आणि एकेकाळी पहाटेपर्यंत नाचणारे लोक टक्कल-पोटासकट त्यावर पुन्हा नाचले.

सदर्न सिमेटरीमध्ये टोनीच्या काळ्या ग्रॅनाइटच्या दगडाचं डिझाइन सॅव्हिल आणि बेन केली यांनीच केलं. तो बसवायलाही 2010 उजाडलं. फॅक्टरीत काहीच वेळेवर व्हायचं नाही, मग हेच कसं होणार! त्यावर क्लबमालक असं लिहिलेलं नाही. त्याची ओळख लिहिली आहे ती ब्रॉडकास्टर आणि कल्चरल कॅटलिस्ट अशी.

कॅटलिस्ट म्हणजे आपल्या शाळेतल्या रसायनशास्त्रातला उत्प्रेरक. आठवतोय? दुसऱ्यांमध्ये रिॲक्शन घडवून आणतो आणि त्याच्या नावावर काहीच जमा होत नाही.

टोनीसारखा धंदा करा, असं कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. ईएमआय आपल्यालाही आहेत, आणि मेडिक्लेम काढला नसेल तर आजच काढा. पण येत्या वीकेण्डला कुठे नाचायला गेलात आणि डीजेने बरोब्बर क्षणी बीट सोडला, तर मनातल्या मनात एक थँक्यू म्हणा. त्या मजेचं बिल एका मँचेस्टरकराने आणि त्याच्या दोस्तांनी कधीच चुकतं केलंय!