राजधानी एक, दावेदार दोन

जानेवारी १९५६मध्ये पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि महाराष्ट्र पेटून उठला. चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, आंदोलनात शंभरावर माणसं गेली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. मुंबईवरचं हे गंडांतर टळलं. सहा वर्षांनी ते चंडीगडवर आलं आणि अजून उठलेलं नाही.

फाळणीत लाहोर गेलं म्हणून पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी होती. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांनी चंडीगडचा आराखडा केला, शहर उभं राहू लागलं. १९५६मध्ये पतियाळा आणि इतर संस्थानांचा ‘पेप्सू’ संघ पंजाबात विलीन झाला. पंजाबी, हिंदी आणि पहाडी बोलणारे असे एका छपराखाली आले. संयुक्त महाराष्ट्राची बाजू लोकसभेत लढवणारे काकासाहेब गाडगीळ १९५८मध्ये राज्यपाल होऊन गेले ते याच पंजाबात. तिथेही भाषावार राज्याची मागणी धुमसत होतीच. मात्र भाषेच्या वादात धर्म मिसळला होता. अनेक पंजाबीभाषक हिंदूंनी जनगणनेत मातृभाषा हिंदी लिहवली, तर पंजाबी सुभ्याचं, म्हणजे पंजाबीभाषक राज्याचं, आंदोलन शिखांच्या अकाली दलाच्या हाती होतं. त्यामुळे मागणी भाषेची असूनही दिल्लीला तिच्यात धर्माचा वास येई.

१९६५च्या युद्धानंतर दिल्लीचा सूर बदलला. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळा झाला, डोंगराळ भाग हिमाचलला जोडला गेला. सीमा ठरवण्यासाठी नेमलेल्या शहा आयोगाच्या बहुमताने चंडीगड हरियाणाला देण्याची शिफारस केली होती. केंद्राने ते स्वतःकडेच ठेवलं आणि दोन्ही राज्यांची राजधानी केलं.

यानंतरचा इतिहास न पाळलेल्या शब्दांचा आहे. चंडीगड पंजाबला मिळावं म्हणून उपोषणाला बसलेले दर्शनसिंग फेरुमान ऑक्टोबर १९६९मध्ये चौऱ्याहत्तराव्या दिवशी गेले. जानेवारी १९७०मध्ये शहर पंजाबला आणि अबोहर-फाजिल्का हरियाणाला, असा निवाडा झाला. त्या वेळी गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. निवाडा कागदावरच राहिला. राजीव गांधी आणि अकाली नेते लोंगोवाल यांच्या जुलै १९८५च्या करारात हस्तांतराला २६ जानेवारी १९८६ची तारीख होती. महिन्याभरातच लोंगोवालांची हत्या झाली आणि ती तारीखही उलटून गेली.

१९९१मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला तो रणगाड्यांच्या आवाजात. आपल्याकडे पंजाबची वाटणी संसदेच्या कायद्याने झाली, हे मोठंच यश. पण वाटणीतला सर्वांत अवघड प्रश्न पुढे ढकलला गेला आणि ऐंशीच्या दशकात पंजाब पेटला, तेव्हा चंडीगड हा त्यातला एक निखारा होता. २०१४मध्ये आंध्र विभागताना हैदराबाद जास्तीत जास्त दहा वर्षंच सामाईक राजधानी राहील, असं कायद्यातच लिहिलं गेलं आणि जून २०२४मध्ये ती मुदत संपलीही. अशी मुदत १९६६च्या कायद्यात नव्हती. तात्पुरती सोय करताना तिचा शेवट लिहून ठेवला नाही, तर तीच कायमची होऊन बसते, हा चंडीगडचा धडा आहे.