‘रन’ म्हणजे नुसते धावणे नव्हे

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, असे विचारले की सामान्यज्ञानात पक्के असलेले लोक लगेच ‘सेट’ म्हणतात. 1989 साली हे उत्तर बरोबर होते. त्या वर्षी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची 20 खंडांची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाच्या 430 अर्थच्छटा होत्या आणि ती एक नोंदच सुमारे 60,000 शब्दांची, म्हणजे एका कादंबरीएवढी होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक नोंद नव्याने तपासली जाऊ लागली, तशी आधी ‘मेक’ने, मग ‘पुट’ने आघाडी घेतली आणि 2011 साली ‘रन’ या सर्वांच्या पुढे गेला. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर या एका क्रियापदावर नऊ महिने काम करत होते. त्यांनी 645 अर्थच्छटा नोंदवल्या. ‘रन’ नाम म्हणून येतो ते वापर यात धरलेले नाहीत.

हा आकडा ऐकून इंग्रजी शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि माझी खरी तक्रार त्या भीतीबद्दल आहे. 645 अर्थ म्हणजे 645 सुट्या गोष्टी, त्या पाठ केल्याशिवाय शब्द येणार नाही, हा समज चुकीचा आहे. एवढ्या बारीक छटा वेगळ्या काढणे हे ऐतिहासिक कोशाचे काम असते. त्याला प्रत्येक वापर पहिल्यांदा कधी दिसला हे दाखवायचे असते. रोजच्या वापराचा छोटा कोश त्याच छटा एकत्र करून मोजक्या अर्थांत बसवतो, आणि इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात त्या याहूनही कमी गटांत राहतात.

हे गट समजायला अडचण होते, कारण शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ ही जोडी आपल्या डोक्यात घट्ट बसवली जाते. मग नाक ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, धुताना कपड्याचा रंग ‘रन’ होतो, हे सारे विचित्र वाटू लागते. पाय असलेल्या प्राण्याचे धावणे हाच मूळ अर्थ आणि बाकी सगळी अलंकारिक ओढाताण, असे वाटते. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीतल्या ‘रिनन’ या क्रियापदात धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये या कुळातली दोन क्रियापदे आजही शेजारी शेजारी नांदतात: ‘रेनेन’ म्हणजे पळणे आणि ‘रिनेन’ म्हणजे पाणी वाहणे, झिरपणे. त्यामुळे वाहणारे नाक हा ‘रन’चा ओढून ताणून केलेला वापर नव्हे, ते त्याच्या मूळ घरातलेच आहे. एखादा गुण घराण्यात ‘रन’ होतो असे इंग्रज म्हणतो, त्यातही पिढ्यान्‌पिढ्या वाहत येण्याचीच कल्पना आहे. आपण म्हणतो, ‘ते त्यांच्या रक्तातच आहे.’

शब्दाचा पसारा खरा वाढला तो यंत्रांमुळे. कापडाच्या गिरण्या, वाफेची इंजिने, रेल्वे, मोटारी आणि शेवटी संगणक, जे जे सतत फिरत आणि काम करत राहते ते सगळे इंग्रजीत ‘रन’ होऊ लागले. यंत्र चालते म्हणून ते चालवणारा माणूसही ‘रन’ करू लागला आणि तिथून कारखाना, हॉटेल, शाळा, सगळ्यांचा कारभार या शब्दात आला.

मराठी माणसाला याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही, कारण आपण हेच काम ‘चालणे’कडून करून घेतो. घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चांगले चालते, खटला वर्षानुवर्षे चालतो, नाटक चालले नाही, डोके चालत नाही, खोटे नाणे चालत नाही, श्वास चालू आहे, उद्या आलात तरी चालेल. संस्था चालवतो, घर चालवतो, वाद चालवतो. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी बहुतेक वेळा चालते. बहुतेक वेळा म्हणायचे कारण, बातम्यांत लोकल मात्र उशिराने ‘धावतात’. घड्याळाला पाय आहेत का, असा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. त्याने ‘चालणे’चे अर्थ यादी करून पाठ केलेले नसतात. प्रत्येक अर्थ त्याला आख्ख्या वाक्यातून मिळालेला असतो. इंग्रजी शिकवताना आपण ती वाट बंद करून टाकतो, हे मला फार खटकते.

क्रिकेटमधला ‘रन’ आपल्या सर्वांत ओळखीचा, पण तिथेही धावलेच पाहिजे असे नाही. चेंडू सीमापार गेला की कुणी पाऊल उचलले नाही तरी चार रन मिळतात. शब्द क्रियेवरून आला आणि मग गुणाचे नाव झाला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गुण ठेवणारा माणूस काठीवर खाचा पाडत असे, म्हणून गुणाला खाच या अर्थाचा ‘नॉच’ हा शब्दही चालत होता. मराठीत ‘धाव’ आणि ‘धावबाद’ सहज रुळले, आणि ते रुळताना ‘धाव’चे जुने अर्थ कुठे गेले नाहीत. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजेही धावच. फलकावरच्या धावा आणि देवाचा धावा यांत मराठी कानाची कधी गल्लत होत नाही.

एका शब्दाला अनेक अर्थ असणे म्हणजे भाषेचा दुबळेपणा, त्याने घोटाळे होणार, हा समज म्हणूनच टिकत नाही. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशाचा घोडाही. ‘सैंधव आण’ असे जेवताना म्हटले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा, हे उदाहरण संस्कृत शास्त्रग्रंथांत नेहमी येते. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो, याची यादीच भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त आहे: सोबतचे शब्द, प्रसंग, विरोध, स्थळ, काळ आणि आणखी बरेच. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी 1945 साली दाखवले की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थही जास्त. म्हणजे अर्थांची गर्दी लहान, साध्या, रोजच्या शब्दांतच होते. इंग्रजी अवघड आहे ते लांबलचक शब्दांमुळे, हा समजही मग तपासावा लागतो. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ एकदा कळला की कळला. ‘रन’ मात्र जन्मभर पुरतो.

त्यातही खरी कसोटी लागते ती ‘रन’च्या मागे येणाऱ्या चिमुकल्या शब्दांशी. साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. कुणाला ‘रन इंटू’ केले म्हणजे तो अवचित भेटला. कुत्रे ‘रन ओव्हर’ झाले म्हणजे गाडीखाली आले, पण सभा ‘रन ओव्हर’ झाली तर ती लांबली. ‘रन डाउन’ इमारत पडझडीला आलेली असते. यांचे अर्थ तुकड्यांची बेरीज करून निघत नाहीत. अख्खी जोडी, वाक्यासकट, उचलावी लागते.

इंग्रजी सगळीकडे सारखीच, हाही एक समज. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, ब्रिटिशांसारखाच.

आणि ‘रन’ मराठीत आला तेव्हा हे सगळे ओझे घेऊन आला नाही. उसना शब्द आपल्याबरोबर सारे अर्थ आणतो असे वाटते, पण घेणारी भाषा हवे तेवढेच उचलते. आपण क्रिकेटमधला रन घेतला, प्रोग्रॅम ‘रन करणे’ घेतले, ‘ट्रायल रन’ घेतली. नाक ‘रन होते’ असे मराठीत कुणी म्हणत नाही, कारण त्यासाठी ‘वाहणे’ आधीपासून होते.