मनोरा नसलेला विमानतळ

विमानतळ म्हटला की उंच मनोरा आणि त्यात बसून 'थांबा', 'उतरा' असे सांगणारे नियंत्रक आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण छोट्या विमानतळांवर बहुधा असे कोणीच नसते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ आहेत; त्यांपैकी मनोरा आहे तो ५०० च्या आसपास ठिकाणी. इतरत्र वैमानिकच एकमेकांना सांभाळून घेतात. कसे, ते पाहू.

सुरुवात वाऱ्यापासून होते. विमान पेलण्यासाठी पंखांना जो वेग लागतो तो हवेच्या सापेक्ष. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानासमोर ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ९० च राहतो आणि धावपट्टी कमी पुरते. म्हणून उतरायचे आणि उडायचे ते वाऱ्याकडे तोंड करून. धावपट्टीजवळ फडफडणारी कापडी नळी पाहिली की सर्वांना दिशा कळते. मग धावपट्टीभोवती आयताकृती फेरा घ्यायचा, जमिनीपासून साधारण १००० फुटांवर. वेगळी खूण नसेल तर सर्व वळणे डावीकडे. मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो, त्यामुळे धावपट्टी त्याच्या नजरेसमोर राहते. दोन विमाने उतरू पाहत असतील तर खालच्याला आधी वाट द्यायची. या साऱ्याचा फायदा एकच: दुसरे विमान आकाशात कुठे शोधायचे हे आधीच ठाऊक असते.

शोधणे मात्र वाटते तितके सोपे नाही. १० मीटर रुंदीचे विमान ३ किलोमीटरवरून केवढे दिसेल? समरूप त्रिकोण मांडा: डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर धरलेल्या २ मिलिमीटरच्या ठिपक्याएवढे. दोन्ही विमाने ताशी २०० किलोमीटरने समोरासमोर येत असतील, तर हे अंतर २७ सेकंदांत संपते. शिवाय सरळ रेषेत, स्थिर वेगाने टकरीच्या मार्गावर असलेले विमान काचेवर सरकत नाही. ते एकाच जागी राहून नुसते मोठे होत जाते, आणि न हलणाऱ्या ठिपक्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

म्हणून रेडिओची जोड. साधारण १० मैलांवर असल्यापासून वैमानिक ठरलेल्या कंप्रतेवर आपले स्थान आणि बेत सांगतात. तीच कंप्रता शेजारच्या विमानतळांचीही असू शकते, म्हणून विमानतळाचे नाव निवेदनाच्या सुरुवातीला आणि शेवटीही घ्यायचे. पण हे निवेदन सर्वांसाठी असते. ते कोणी ऐकले याची खात्री नसते. काही जुन्या विमानांत तर रेडिओच नसतो, आणि अशा ठिकाणी ते नियमबाह्यही नाही.

१९ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे हीच फट जिवावर बेतली. १२ जणांचे एक प्रवासी विमान धावपट्टी १३ वर उतरत होते. धावपट्टीचा आकडा म्हणजे तिच्या दिशेचे अंश भागिले दहा. तेव्हा १३ आणि ४ या धावपट्ट्या काटकोनात छेदतात हे विद्यार्थीही सांगतील. धावपट्टी ४ वर एक किंग एअर विमान उभे होते, त्याच्या मागे एक छोटे चेरोकी. प्रवासी विमानाच्या कप्तानांनी विचारले, धावपट्टी ४ वरचे विमान थांबणार आहे की उडणार? किंग एअर गप्प राहिले. उत्तर दिले चेरोकीच्या वैमानिकाने: आपण धावपट्टी ४ वर उड्डाणासाठी थांबलो आहोत. तेवढ्यात प्रवासी विमानातल्या उंची सांगणाऱ्या यंत्राचा आवाज मध्ये आला आणि त्याचे पुढचे शब्द दबले. किंग एअरच थांबले आहे असे समजून कप्तानांनी आभार मानले. 'नाही, ते मी नव्हे' असे कोणी म्हटले नाही.

किंग एअर धावू लागले. दोन्ही विमाने छेदाशी आदळली आणि पेटली. प्रवासी विमानातील लोक धडकेतून वाचले होते, पण दरवाजा उघडेना. दोन्ही विमानांतील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले.

चौकशीत मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांचा ठरला: त्यांनी रेडिओ नीट ऐकला नाही आणि आजूबाजूला नीट पाहिले नाही. चेरोकीच्या अर्धवट ऐकू आलेल्या उत्तराचाही अपघातात वाटा होता, असे नोंदवले गेले. त्या उत्तरात चेरोकीने आपला नोंदणी क्रमांक सांगितला होता. तो किंग एअरचा नव्हता, हे प्रवासी विमानात कोणाच्या लक्षात आले नाही.