निरोगी देशी गाईचे रक्त

साडेतीनशे किलो वजनाच्या गाईच्या अंगात साधारण २० ते २५ लिटर रक्त असते. त्यातल्या पेशी, प्रथिने, साखर आणि क्षार मोजले की जनावराच्या प्रकृतीचा अंदाज येतो. मात्र निरोगी जनावराचा कोणताही आकडा एका जागी स्थिर नसतो, तो एका पल्ल्यात फिरतो. हा पल्ला बहुधा धडधाकट जनावरांपैकी ९५ टक्के त्यात बसतील असा ठरवतात. म्हणजे विसांतली एक गाय ठणठणीत असूनही त्याबाहेर जाणारच.

गाईच्या रक्तात हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे ८ ते १५ ग्रॅम असते आणि तांबड्या पेशी घन मिलिमीटरमागे ५० लाख ते १ कोटी. रक्तात पेशींनी व्यापलेला भाग, म्हणजे पीसीव्ही, २४ ते ४६ टक्के भरतो. माणसाच्या मापाने १० ग्रॅम हिमोग्लोबिन कमी ठरते. गाईत ते पल्ल्याच्या आतच असते. हे पल्ले मुख्यतः विदेशी गाईंवरून बांधलेले आहेत. गीर, देवणी, खिल्लार, लाल कंधारी अशा वशिंडाच्या गाईंत तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन बहुधा त्यांच्यापेक्षा थोडे वरच्या अंगाला आढळतात. म्हणून देशी गाईचा आकडा खालच्या टोकाला टेकला, तर अहवालात तो ‘नॉर्मल’ दिसत असला तरी जंत आणि गोचिडांकडे लक्ष द्यायला हवे.

पांढऱ्या पेशी ४ ते १२ हजार असतात आणि इथे गाय माणसाहून ठळकपणे वेगळी पडते. माणसात न्यूट्रोफिल जास्त असतात, तर निरोगी गाईत लिम्फोसाइट ४५ ते ७५ टक्के आणि न्यूट्रोफिल १५ ते ४५ टक्के. गाईच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा साठा तुटपुंजा असतो. त्यामुळे तीव्र कासदाहासारख्या आजारात सुरुवातीला या पेशी वाढण्याऐवजी घटतात. जनावर तापाने फणफणलेले आणि पेशी कमी, हे चित्र दिलासा देणारे नसून धोक्याचे असते. अशा वेळी फायब्रिनोजेन हे प्रथिन अधिक खात्रीची साक्ष देते. ते एरवी डेसिलिटरमागे ३०० ते ७०० मिलिग्रॅम असते आणि दाह सुरू झाला की एक-दोन दिवसांत चढते. माणसात नेहमी होणारी ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगाची तपासणी, गाईत जवळपास निरुपयोगी आहे, कारण तिच्या तांबड्या पेशी एकमेकींवर रचल्या जात नाहीत.

रक्तातली साखर डेसिलिटरमागे ४५ ते ७५ मिलिग्रॅम, म्हणजे माणसापेक्षा बरीच कमी. चाऱ्यातली पिष्टमय द्रव्ये पोटातच आंबून त्यांची आम्ले होतात आणि त्यांतल्या एकापासून यकृत साखर घडवते. कॅल्शियम साधारण ८ ते ११ मिलिग्रॅम असते. विल्यानंतर दुधावाटे ते झपाट्याने निघून गेले, तर दुग्धज्वर होऊन गाय बसून राहते.

वय आणि प्रसंगही आकडे हलवतात. वासरांत तांबड्या पेशी मोठ्या गाईंपेक्षा जास्त असतात. बुजरे खोंड दोरखंडाने जखडून रक्त काढले, तर प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या पेशी बाहेर सोडते आणि पीसीव्ही फुगतो. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरीही पीसीव्ही वाढलेला दिसतो, आणि त्याखाली खरा रक्तक्षय झाकला जातो. म्हणून पीसीव्हीच्या जोडीने एकूण प्रथिने पाहावीत.

देशी जनावरांबाबत आणखी एक गुंता आहे. गोचिडांमुळे पसरणाऱ्या थायलेरिया, बबेसिया यांचे परजीवी अनेक गाईंच्या रक्तात थोड्या संख्येने राहतात आणि गाय मात्र खाऊनपिऊन ठीक असते. संकरित गाईंना थायलेरियाचा फटका जास्त बसतो. केवळ काचपट्टीवर परजीवी दिसला म्हणून गाय आजारी ठरत नाही. ताप, सुजलेल्या गाठी आणि उतरलेला पीसीव्ही सोबत पाहावे लागतात.

नमुना मानेच्या शिरेतून, जनावर शांत असताना घ्यावा. पेशींसाठी ईडीटीएची नळी आणि साखरेसाठी फ्लोराइडची वेगळी नळी वापरावी, नाहीतर नळीतल्या पेशीच साखर संपवतात. काचपट्टी गोठ्यातच तयार करावी. नळी गार ठेवावी, पण गोठू देऊ नये. गोठल्यास पेशी फुटतात.